८६ रुपये रोजानं

पाच लाखाला सोळानं भागा. जे येईल त्याला तीनशे पासष्टानं भागा. उत्तर येतं ८६ रुपये, त्यातही काही पैसे कमीच. भटक्या जमातीतल्या सहा माणसांना सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्र सरकारकडून देववलेला हा रोज आहे. काम काय, तर तुरुंगात बसणं. त्यातली बरीच वर्षं फाशीची वाट बघत.

प्रकरण नाशिक जिल्ह्यातलं. जून २००३ मध्ये शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला, पाच खून झाले, बायकांवर बलात्कार झाले. पोलिसांनी सहा मजूर धरले. नाशिकच्या कोर्टानं २००६ साली सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टानं २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही परत फासाखाली उभं केलं. आणि २०१८ मध्ये त्याच कोर्टानं तो निकाल मागं घेतला. कारण? शिक्षा वाढवताना त्या तिघांचं म्हणणंच ऐकलेलं नव्हतं. ५ मार्च २०१९ रोजी सगळे निर्दोष सुटले. वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळीच चार माणसं ओळखली होती, त्या माणसांचा तपासच झाला नाही, असं कोर्टानं लिहून ठेवलं. सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला होता.

आपल्यातले पुष्कळ जण हा निकाल वाचून खूष झाले. निदान पैसे तरी देववले, म्हणाले. जुन्या मानानं बघितलं तर खरंच आहे. बिहारचा रुदल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटला आणि त्यानंतर चौदा वर्षं तुरुंगातच राहिला. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सगळे मिळून ३५,००० रुपये देववले. तो रोज सात रुपयांच्याही आत येतो. सातावरून ८६ म्हणजे प्रगतीच म्हणायची!

पण मित्रांनो, मला इथं निर्दोष माणसाबद्दल बोलायचं नाही. निर्दोष माणसाला भरपाई द्यावी हे सांगायला फार अक्कल लागत नाही. मला बोलायचंय ते ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही त्याच्याबद्दल. त्यानं गुन्हा केला असेल, नसेल. एवढंच माहीत आहे की खटल्यात त्याच्या बाजूनं तोंड उघडणारा कुणी नव्हता. त्याचं काही देणं लागतं का? गुन्हा त्यानंच केला असेल तरीसुद्धा लागतं का?

मला वाटतं, लागतं. आणि हे आपण बोललं पाहिजे, कारण दुसरं कुणी बोलणार नाही.

आधी हे घडतं कसं ते बघू. वालधुनीच्या नाहीतर शेलार नाक्याच्या वस्तीतून पोरगं रात्री उचलतात. दुसऱ्या दिवशी कल्याण कोर्टात हजर करतात. बापाला कामावरून कळेपर्यंत दुपार उलटलेली असते. कोर्टात पुकारा होतो, पोरगं उभं राहतं. साहेब विचारतात, "काही तक्रार आहे का?" पोरगं शेजारच्या हवालदाराकडं बघतं आणि "नाही" म्हणतं. पोलीस कोठडी मंजूर. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. त्या दोन-तीन मिनिटांत साहेबांनी आणखी एक गोष्ट सांगायची असते: तुला वकील करायची ऐपत नसेल तर सरकारी खर्चानं वकील मिळेल, पाहिजे का? हे सांगणं मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक आहे, आणि ते आजकालचं नाही. भागलपूरच्या पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे बजावलं होतं. आपल्या मुंबईच्या लॉकअपमधल्या बायांसाठी पत्रकार शीला बारसे यांनी कोर्टाला पत्र लिहिलं, त्यावर १९८३ मध्ये निकाल आला, की अटक झाली की पोलिसांनी लगेच कायदा मदत समितीला कळवायचं. म्हणजे नियम आहेत, जुने आहेत आणि पुरेसे आहेत. १९८७ चा विधी सेवा कायदा १९९५ पासून लागू आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. कोठडीतल्या कुणालाच नाही. आता जिल्हा कोर्टांत लोक अभिरक्षक नावाचं कार्यालयही निघालंय. पोराला यातलं काय माहीत असतं? त्याला एवढंच माहीत असतं की सरकारी वकील म्हणजे आपल्या विरुद्धचा वकील.

मग तो ठाण्याच्या किल्ल्यात जातो. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. कैदी ठेवायची जागा ११०५. कल्याणच्या आधारवाडीत ५४०. दोन्ही ठिकाणी माणसं त्याच्या कितीतरी पट कोंबलेली. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणं देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे.

पुढे खटल्याच्या वेळी कोर्ट वकील देतंच, असं कुणी म्हणेल. देतं. कसं देतं ते खांडव्याला बघा. २०१३ मध्ये तिथं एका आदिवासी तरुणावर लहान मुलीवर बलात्कार करून खून केल्याचा खटला चालला. ज्या दिवशी त्याला वकील दिला त्याच दिवशी आरोप ठेवले, आणि पंधरवड्याच्या आत फाशी. वकिलानं कागद कधी वाचले, आरोपीला भेटला कधी? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती फाशी रद्द करून खटला नव्यानं चालवायला सांगितला आणि असल्या खटल्यांत किमान दहा वर्षं वकिली केलेला वकील द्या, त्याला तयारीला किमान सात दिवस द्या, असा दंडक घातला. परत फाशी झाली, परत प्रकरण खाली आलं. शेवटी २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली. वकील नुसता हजर असणं आणि वकील असणं यात इतकं अंतर असतं.

आता ज्या निकालावर माझं म्हणणं उभं आहे तो सांगतो. तो निकाल कसाबचा आहे. नाव काढलं की आपल्याही तोंडात कडू येतं. सीएसटीवर गोरगरीबच मेले. त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असा ठराव मुंबईतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांच्या वकील संघटनेनं केला होता. कोर्टानं नेमल्यावर ज्या बाईंनी काम स्वीकारलं त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सुप्रीम कोर्टानं त्याची फाशी कायम केली. पण त्याच निकालात सांगितलं, की आरोपीला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढं उभं करतात त्या क्षणापासून त्याला वकिलाचा हक्क आहे. तो सांगितला नाही, दिला नाही तर मॅजिस्ट्रेटची खात्याअंतर्गत चौकशी होऊ शकते. आणि आरोपी सरकारकडून भरपाई मागू शकतो. सुरुवातीला वकील नव्हता एवढ्यावरून खटला मोडत नाही, आरोपीचं प्रत्यक्ष नुकसान झालेलं दिसावं लागतं. भरपाईचा हक्क मात्र वेगळा उरतो.

नीट बघा यात काय आहे ते. खटला कायम राहू शकतो, शिक्षा कायम राहू शकते, तरी वकील न दिल्याचं देणं उरतं. म्हणजे हे देणं निर्दोष असण्याचं बक्षीस नाही. दोषी माणसाचंही ते लागतं. कसाबच्या निकालात सांगितलं गेलं म्हणून कुणी हे मिरवलं नाही. आपल्या कार्यकर्त्यांनाही फारसं माहीत नाही.

असं का असावं? आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर आपली माणसं गेली ती काय तहान लागली म्हणून? आणि तिथं ओंजळ भरणाऱ्यांत एखादा दारुडा असेल, बायकोला मारणारा असेल, कुणी उधारी बुडवणारा असेल. त्यानं त्याचा पाण्यावरचा हक्क कमी होतो का? पाणी नाकारणारा असा हिशेब करत नव्हता. तो चांगल्या महाराला वेगळं आणि वाईट महाराला वेगळं करत नव्हता. तो सरळ म्हणत होता, तू माणसांत नाहीस. वकील नाकारला की नेमकं हेच होतं. आरोपी कोर्टात असतो, पण मुद्देमालासारखा. त्याच्याबद्दल बोलतात, त्याला दाखवतात, त्याच्यावर नंबर पडतो. त्याच्याकडून कुणी बोलत नाही. ही इजा त्या दिवशीच पूर्ण होते. पुढं निकाल काय लागतो त्यावर ती अवलंबून नसते.

आता कल्याणला येऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि उतरले त्यात काही चूक नव्हती. आरोपी शाळेतला सफाई कामगार. कल्याणच्या वकील संघटनेनं जाहीर केलं, आमच्यातला कुणी याचं वकीलपत्र घेणार नाही. असले ठराव घटनेच्या विरुद्ध आहेत, रद्दबातल आहेत, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सांगून टाकलं होतं. वकिलांना ते माहीत नसेल असं म्हणवत नाही. २३ सप्टेंबर २०२४ ला तो आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीनं मेला. जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या चौकशी अहवालानं पाच पोलिसांना जबाबदार धरलं. मेल्यावर त्याला पुरायला जागा मिळेना. आधी वकील नाही, शेवटी माती नाही. ह्या गोष्टीला आपल्याकडं जुनं नाव आहे, बहिष्कार. गावानं न्हाव्याला, वाण्याला, दळणवाल्याला सांगायचं, याचं काम करू नका. इथं वकिलांना सांगितलं.

आणि त्या दोन मुलींना काय मिळालं? त्याचा खटलाच उभा राहिला नाही. तो दोषी होता की नव्हता हे आता कुठलंच कोर्ट सांगू शकणार नाही. वकिलाचा हक्क आरोपीचे लाड करतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

बाबासाहेब वकील होते हे आपण जयंतीला सांगतो. सायमन कमिशनपुढं साक्ष दिली हेही सांगतो, पुण्याला, ऑक्टोबर १९२८ मध्ये. चरित्रकारांनी लिहिलेली एक गोष्ट मात्र क्वचित सांगतो. साक्षीच्या वेळीच त्यांची ठाण्याच्या सेशन्स कोर्टात एक केस होती. कमिशन सोडावं तर समाजाचं नुकसान, केस सोडावी तर आरोपींचा जीव. त्यांनी जज्जाला विनंती केली, की सरकारी पक्षाच्या आधीच बचावाचं भाषण करू द्या. परवानगी मिळाली, भाषण करून ते पुण्याला गेले. बहुतेक आरोपी सुटले असं सांगतात. ठाण्याच्या कोर्टनाक्यावर आज त्यांचा पुतळा आहे. तिथं हार घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं, की याच शहरात कधीकाळी अख्ख्या समाजाची साक्ष आणि मूठभर आरोपींचा बचाव त्यांनी एकाच तराजूत धरला आणि एकही पारडं खाली टाकलं नाही.

इथं आपलंच एक दुखणं काढतो. कुठं अत्याचार झाला, ॲट्रॉसिटी दाखल झाली, की आपला मोर्चा निघतो. त्यात घोषणा असते, निवेदनात कलम असतं: आरोपींचं वकीलपत्र कुणीही घेऊ नये. राग समजतो. खैरलांजी ज्यानं पाहिली त्याला राग येणारच. पण ही मागणी आपली नव्हे. ती गावची मागणी आहे, आपण गावाकडून उसनी घेतलीय. जमाव जमवून कुणाचं तोंड बंद करायची ताकद या देशात कुणाकडं जास्त आहे? २०१६ मध्ये कोपर्डीत मुलीवर जो भयंकर प्रकार झाला त्यातले आरोपी आपल्या समाजातले निघाले. तेव्हा राज्यभर लाखालाखाचे मोर्चे निघाले आणि त्यांत ॲट्रॉसिटी कायद्याचीच मोडतोड मागितली गेली. तीन माणसांच्या गुन्ह्याचा हिशेब जातीकडून मागितला गेला. वकीलपत्र घेऊ नका ही घोषणा एकदा मान्य केली, की ती पुढं कुणावर चालेल हे आपल्या हातात राहत नाही. फिर्यादी आपला असला तर त्याला चांगला सरकारी वकील मिळावा म्हणून भांडा, साक्षीदारांना संरक्षण मिळावं म्हणून भांडा. समोरच्याचा वकील काढून घेऊन जिंकलेली केस वरच्या कोर्टात पडते, हे वेगळंच.

परदेशातही हा प्रश्न काळ्या माणसांच्याच अंगावर सुटला. अमेरिकेत अलाबामात १९३१ मध्ये नऊ काळ्या पोरांवर बलात्काराचा आळ आला. वकील म्हणायला होते, कामाचे नव्हते. आठ जणांना फाशी सुनावली. १९३२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं, असला खटला खटलाच नव्हे. त्यातल्या शेवटच्या तिघांना अलाबामानं माफी दिली २०१३ मध्ये, ते मेल्यावर. माफी! ज्यानं मागायची त्यानं ती दिली.

देणं आहे असं ठरलं. मग ते कुणी फेडायचं आणि कशात? पैशाबद्दल मला एक भीती वाटते. भरपाई स्वस्त असली की तिची फी होते. ८६ रुपये रोजानं माणूस आत ठेवता येत असेल, आणि तेही त्यानं सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन सुटून दाखवलं तरच, तर चांगला वकील देण्यापेक्षा न देणं सरकारला परवडतं. पैसे टाकायचे, खटला तसाच रेटायचा. कसाबच्या निकालात ही फट आहे हे मान्य केलं पाहिजे. खटला टिकतो आणि वर भरपाई, ही तडजोड सरकारच्या सोयीची होऊ शकते. म्हणून भरपाईचा आकडा नेहमी वकिलाच्या खर्चापेक्षा पुष्कळ मोठा असला पाहिजे. जी साक्ष वकिलाशिवाय झाली ती परत झाली पाहिजे. आणि कोणत्या तारखेला, कोणत्या कोर्टात, कुणी विचारलं नाही हे उघड कोर्टात लिहिलं गेलं पाहिजे. नुसते पैसे दिले तर ते आपल्याच करातून जातात, चुकणाऱ्याच्या खिशाला हात लागत नाही.

आज कायदा काय देतो? विनाकारण अटक करवणाऱ्याकडून जास्तीत जास्त एक हजार रुपये. फौजदारी संहितेत हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आकडा तोच ठेवलाय. विधी आयोगानं २०१८ मध्ये आपल्या २७७व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी वेगळी तरतूद सुचवली. नवी संहिता करताना ती घेतली नाही. १९७९ मध्ये नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना तर भारतानं लिहूनच दिलं होतं, की बेकायदा अटकेच्या भरपाईचा हक्क आमच्या पद्धतीत नाही. म्हणजे जे मिळतं ते कोर्टाच्या मर्जीवर. दरपत्रक नाही, अर्जाचा नमुना नाही.

तरी हा हक्क आपल्याला परका नाही. १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत एक नवं कलम मांडलं, आजचं कलम २२. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला आणि बचाव मिळेल, हे त्यात आहे. आजच्या कलम २१ मध्ये 'ड्यू प्रोसेस' हे शब्द ठेवले नव्हते, त्यावर लोक नाराज होते, बाबासाहेबही खूष नव्हते. नवं कलम मांडताना त्यांनी सांगितलं, की तेव्हा जे झालं त्याची ही एक भरपाई आहे. वकिलाचा हक्क घटनेत आला तोच मुळी भरपाई म्हणून! तो नाकारला की भरपाईच थकते. मग त्या थकबाकीवर व्याज मागायला लाजायचं कशाला?

ठाण्यातलीच एक गोष्ट चालू झालीय. २०१३ मध्ये एका चौकीदाराला लहान मुलीवर बलात्कार करून खून केल्याच्या आरोपावरून धरलं. ठाण्याच्या सेशन्स कोर्टानं २०१९ मध्ये फाशी दिली, हायकोर्टानं २०२१ मध्ये कायम केली, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. बारा वर्षं. त्यानं भरपाईसाठी सुप्रीम कोर्टात अर्ज केला आणि २०२५ मध्येच सरकारला नोटीस निघाली. फाशीतून सुटलेल्या आणखी दोन राज्यांतल्या माणसांचे अर्ज त्याच्या शेजारी आहेत. हे अर्ज चुकीच्या शिक्षेबद्दल आहेत, वकिलाबद्दलचा मुद्दा वेगळा. पण त्या माणसाचा रोज किती ठरतो ते आपण बघायला पाहिजे.

तोवर वस्तीत करण्यासारखं एक काम आहे. पोरगं पहिल्यांदा कोर्टात हजर केलं त्या दिवसाचा रोजनामा कोर्टात असतो. साहेबांनी वकिलाबद्दल विचारलं का, पोरानं काय उत्तर दिलं, याची नोंद त्यात असायला हवी. त्या रोजनाम्याची नक्कल मागा. अर्जावर केस नंबर आणि तारीख लिहा, कोर्ट फीचं तिकीट लावा, नक्कल विभागात द्या आणि पोच घ्या. नोंद नसेल तर नोंद नाही असा कागद हातात येतो. उद्या भरपाई मागायची झाली तर पहिला तोच लागेल. आणि तो पहिल्या आठवड्यातच काढा, कारण पुढं फाईल हलली, की मग शोधत बसावं लागतं.